दोन नळ्यांमधली जागा

त्या बाईंना एका जागी बसवत नसे. उष्णता द्यायच्या खोलीबाहेर भिंतीला लागून चार खुर्च्या होत्या, पण पहिल्या दिवशी त्या एकीवरही टेकल्या नाहीत. दारापासून पाण्याच्या फिल्टरपर्यंत आणि फिल्टरपासून दारापर्यंत त्यांच्या फेऱ्या चालू होत्या. त्यांची नणंद मात्र खुर्चीत मांड ठोकून बसली होती आणि टेनिसची मॅच बघावी तशी मान इकडून तिकडे वळवत होती.

खोलीतला तंत्रज्ञ दार उघडून बाहेर आला. किती वेळ लागेल, दुखेल का, असलं काही त्या बाईंनी विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "तुमची थर्मामीटरं शेवटची कधी तपासली होती?"

बावीस वर्षांच्या नोकरीत हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता. विभागात सगळे त्याला 'पारा' म्हणत. दिवसभर तापमानाचे आकडे पुकारतो म्हणून. एरवी तो तापलेला कुणी पाहिला नव्हता. त्याला प्रश्नाचा राग आला नाही, उलट बरं वाटलं. तो त्यांना आत घेऊन गेला आणि कोपऱ्यातली पाण्याची लहानशी टाकी दाखवली. तिच्यातलं पाणी एका ठरलेल्या तापमानावर स्थिर ठेवलेलं असे, आणि रोज सकाळी मोजणीच्या सगळ्या तारा त्यात बुडवून तो एका खात्रीच्या थर्मामीटरशी ताडून बघत असे. त्याची वही तिथंच होती. बाईंनी चष्मा लावून चार पानं मागं उलटली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. तिथं सही नव्हती.

"त्या दिवशी मी रजेवर होतो," पारा म्हणाला. "मशीनही बंद होतं."

"मग तसं लिहायचं. रिकामी जागा ठेवायची नाही," बाई म्हणाल्या आणि वही मिटून त्याच्या हातात दिली.

दाराशी उभ्या नणंदेनं खुलासा केला. वहिनी तीस वर्षं वजनमापं तपासणाऱ्या खात्यात निरीक्षक होत्या. दुकानांचे तराजू, पेट्रोलपंपांची मापं, कापडवाल्यांच्या पट्ट्या, सगळं त्यांच्या हाताखालून गेलं होतं. बाजारात त्यांना 'काटाबाई' म्हणत, आणि तराजूला काटा असतो एवढ्याचसाठी म्हणत नसत.

काटाबाईंचं एक स्तन आठ वर्षांपूर्वी काढलं होतं. आता त्याच बाजूला, काखेच्या जरा खाली, छातीच्या भिंतीत पुन्हा गाठ आली होती. सहा आठवडे रोज किरणोपचार ठरले होते आणि आठवड्यातून एकदा, किरणं देऊन झाल्याबरोबर, तासभर उष्णता. उष्णतेनं गाठ नरम पडते आणि किरणांचा मार तिला जास्त बसतो, असं डॉक्टरबाईंनी समजावलं होतं. पण ती उष्णता नेमकी हवी. गाठ बेचाळीस अंशांच्या आसपास तापली पाहिजे. दीड-दोन अंश कमी पडले तर फारसा उपयोग नाही, दोन वाढले तर आजूबाजूचं चांगलं मांस भाजतं. आणि आत किती तापलंय हे बाहेरून हात लावून कळत नाही. म्हणून जागा बधिर करून डॉक्टरबाईंनी गाठीतून आरपार तीन बारीक नळ्या घातल्या होत्या, बॉलपेनच्या रिफिलपेक्षाही बारीक. उपचार संपेपर्यंत त्या आतच राहणार होत्या. त्यांची बाहेरची टोकं ड्रेसिंगखाली चिकटवून ठेवलेली. उष्णता देताना पारा प्रत्येक नळीत एक तार सरकवायचा. तारेच्या टोकाला तापमान कळायचं. दर दहा मिनिटांनी तो तार अर्धा-अर्धा सेंटिमीटर मागं ओढत जायचा आणि प्रत्येक थांब्यावरचा आकडा टिपायचा.

काटाबाईंनी हे सगळं नीट ऐकून घेतलं. मग त्या म्हणाल्या, "म्हणजे तीन रेषांवरचं तुम्हाला कळतं. दोन नळ्यांच्या मधल्या जागेचं काय?"

"तिथं तुम्ही सांगायचं," पारा म्हणाला. "चटका बसला, टोचलं, नुसतं अस्वस्थ वाटलं तरी सांगायचं. मी लगेच मशीन खाली करतो."

"आणि माझं सांगणं चुकलं तर?"

"चालेल. चुकून जास्त सांगितलेलं चालतं."

पहिल्या दिवशी काटाबाईंनी अगदी सांगितल्याप्रमाणे केलं. त्या कुशीवर पडल्या, छातीवर पाण्याची चपटी उशी आली, तिच्यावर मशीनचं तोंड आलं. मला ओव्हनमध्ये घातलंय, आता वरून तूप सोडा, असं त्या म्हणाल्या. तेराव्या मिनिटाला त्यांनी चटका बसल्याचं सांगितलं, पाऱ्यानं मशीन खाली केलं. एकविसाव्या मिनिटाला पुन्हा सांगितलं, त्यानं पुन्हा खाली केलं. तासभरानंतर गाठीची सरासरी एकोणचाळीस पूर्णांक आठवर अडकली होती. एकेचाळीसचं तोंडसुद्धा दिसलं नव्हतं.

दोन दिवसांनी तपासणीच्या वेळी काटाबाईंनी आकडा विचारला. डॉक्टरबाईंनी तो सांगितला आणि हातातलं काम करता करता म्हणाल्या, की हा जरा कमी आहे, पुढच्या वेळी वर गेलं तर बरं. डॉक्टरबाई वाईट नव्हत्या. त्यांच्या टेबलावर त्या वेळी अकरा फायली होत्या. पण काटाबाई ते वाक्य घरी घेऊन गेल्या.

घरी काय चाललंय हे पाऱ्याला नणंदेकडून तुकड्यातुकड्यानं कळे. दोघीच राहत. काटाबाईंचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. नणंदेनं लग्न केलं नव्हतं. शिवणाचे क्लास घेऊन ती भावाच्या घरात राहिली होती, आणि भाऊ गेल्यावर त्या घरात वहिनी आणि ती एवढ्याच उरल्या. बारा वर्षं दोघी रोज भांडत होत्या. खिडकी उघडी ठेवायची की बंद, डाळ किती शिजवायची, यावरून. आता वहिनी भांडत नव्हती. ती कपाटं उपसत होती, पुन्हा लावत होती. एका दुपारी तिनं घरातली सगळी घड्याळं काढून त्यांची वेळ एकमेकांशी जुळवली. पुस्तक उघडायची, मिटायची. जेवताना चार घासांनी उठायची आणि गॅस बंद आहे ना ते बघून यायची. नणंद म्हणाली, घरात माणूस राहतंय की वारा, तेच कळेनासं झालंय.

दुसऱ्या आठवड्यात काटाबाईंनी एकदाही तक्रार केली नाही. पाऱ्यानं हळूहळू मशीन वर नेलं आणि आकडे चढत गेले. चाळीस, साडेचाळीस, एकेचाळीस पूर्णांक तीन. तो दर पाच मिनिटांनी विचारत होता आणि त्या दर वेळी, "काही नाही. चालू द्या," म्हणत होत्या. तिसऱ्या आठवड्यात सरासरी बेचाळीसच्या वर एक दशांश गेली आणि शेवटची चाळीस मिनिटं तिथंच राहिली. पडद्यावरची रेघ पट्टीनं आखल्यासारखी सरळ होती.

अशी रेघ पाऱ्याला हवीच होती. गेली दोन वर्षं ही खोली काढून घ्यायची भाषा वरच्या मजल्यावर चालू होती. या मशीनवर वर्षाला जेमतेम तीस रुग्ण होत, एकेकाला दोन तास लागत, आणि नळ्या घालायला डॉक्टर मिळत नसत. महिन्याभरात एक समिती येऊन कागद बघणार होती. डॉक्टरबाईंनी ती रेघ बघितली आणि पाऱ्याच्या खांद्यावर थोपटलं. हा आलेख आपण समितीला दाखवू, म्हणाल्या.

पण त्या पडद्यावर आणखी एक रेघ होती. काटाबाईंच्या दुसऱ्या हाताच्या बोटाला नाडी मोजणारा चिमटा लावलेला होता. सुरुवातीला नाडी ब्याऐंशी होती. विसाव्या मिनिटाला ती शंभरावर गेली, पस्तिसाव्याला एकशे अठरावर, आणि मशीन बंद होईपर्यंत खाली आली नाही. पाऱ्याच्या नजरेला हे त्याच वेळी पडलं होतं. काटाबाईंचे पाय चादरीबाहेर होते. पायांची बोटं आत वळून घट्ट मिटली होती, तेही त्यानं बघितलं होतं. त्यानं विचारलं, त्यांनी काही नाही म्हटलं. शरीर तापलं की नाडी वाढतेच थोडी, असं त्यानं मनाशी म्हटलं. शिवाय बाई मुळातच अस्वस्थ जीव. त्यानं कागदावर 'तक्रार नाही' असं लिहिलं आणि सही केली.

त्या संध्याकाळी घरी जेवताना बायकोनं दोनदा मीठ मागितलं आणि त्यानं दोन्ही वेळा पाण्याचा जग पुढं केला. काय झालंय, असं तिनं विचारलं. काही नाही, असं तो म्हणाला, आणि म्हणताना त्याला ते शब्द कुणाचे आहेत ते आठवलं. त्यानं ताट बाजूला सारलं. पुढचे सहा दिवस त्याच्या जिवाला स्वस्थता नव्हती. दुसऱ्या रुग्णाची तार नळीत सरकवताना त्याचा हात मध्येच थांबायचा. जेवणाच्या सुट्टीत तो तिसऱ्या आठवड्याचा आलेख उघडायचा, नाडीच्या रेघेवर बोट फिरवायचा आणि बंद करायचा. एकदा तो फाईल घेऊन डॉक्टरबाईंच्या दारापर्यंत गेला. आत कुणीतरी होतं. थोडं थांबला असता तर ते गेलं असतं. तो परत फिरला.

चौथ्या आठवड्यात ठरल्या दिवशी काटाबाई किरणं घेऊन आत पलंगावर जाऊन पडल्या, आणि नणंदेनं पाऱ्याला व्हरांड्यात गाठलं. ती नेहमी मोठ्यानं बोलणारी बाई. आज आवाज इतका खाली होता की त्याला वाकावं लागलं.

वहिनी मागच्या वेळची उष्णता घेतल्यापासून तिला ड्रेसिंगला हात लावू देत नव्हती. नर्स नळ्यांची तोंडं तेवढी पुसून बघत असे, बाकीचं घरी नणंदच करायची. काल वहिनी न्हाणीघरात असताना दार नीट लागलं नव्हतं आणि आरशात दिसलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या नळीच्या मध्ये, जुन्या ऑपरेशनच्या व्रणाला लागून, रुपयाएवढा फोड होता. त्याच्याखाली कडक काहीतरी लागत असावं तसं वहिनी स्वतःच चाचपून बघत होती.

"मी सांगितलं असं सांगू नका," नणंद म्हणाली. "ती मला घरात घेणार नाही."

मग तिच्याच लक्षात आलं की घर तिच्या भावाचं आहे, आणि एवढ्या धास्तीतही ती जराशी हसली.

पारा आत गेला तेव्हा काटाबाई छताकडे बघत पडल्या होत्या. ओठ हलत होते. त्या काहीतरी मोजत होत्या. मशीन बाजूला ओढलेलं होतं. त्यानं ते पुढं घेतलं नाही. स्टूल ओढून तो त्यांच्या डोक्याशी बसला आणि म्हणाला की आज सुरू करण्याआधी पूर्ण ड्रेसिंग काढून बघावं लागेल.

"नर्सनं सकाळीच बघितलंय."

"तिनं नळ्यांची तोंडं बघितलीत. मधली जागा बघितली नाही."

काटाबाईंनी दाराकडे बघितलं. "वन्सं बोलल्या वाटतं."

"मला तुमच्या नाडीनं सांगितलं," पारा म्हणाला. "आठ दिवसांपूर्वीच सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

त्यानं छापलेला आलेख त्यांच्या हातात दिला. काटाबाई उठून बसल्या, चष्मा लावला. दुकानदाराची नोंदवही बघावी तसा त्यांनी तो कागद बघितला, आधी तारीख, मग खालची सही, मग मधलं सगळं. नाडीची रेघ जिथं चढायला लागते तिथं त्यांचं बोट थांबलं.

"हे तुम्हाला त्या वेळी दिसत होतं?"

"हो."

"मग थांबवलं का नाही?"

या प्रश्नाची दोन-तीन उत्तरं त्यानं सहा दिवसांत तयार करून ठेवली होती. तापल्यावर नाडी वाढते. रुग्ण नाही म्हणतो तेव्हा त्याच्यावर विश्वास ठेवायचा असतो. सगळी खरीच होती. त्यांतलं एकही त्याच्या तोंडून निघालं नाही.

"आकडा चांगला येत होता म्हणून," तो म्हणाला.

पलंगाच्या कडेवरून लोंबणारे काटाबाईंचे पाय हलत होते. मग त्या बोलायला लागल्या, आणि इतके दिवस सगळ्यांना तोडून बोलणाऱ्या त्या बाईंचा आवाज अगदी साधा झाला.

"पहिल्या दिवशी मी चटका बसतोय म्हटलं आणि तुम्ही मशीन खाली केलंत. आकडा पडला. मग डॉक्टरबाई म्हणाल्या, कमी आहे. मला वाटलं, गाठ भाजायची ती माझ्या तोंडामुळे वाचली. मी तोंड उघडलं की ती सुटते. म्हणून मग मिटून घेतलं."

"फार दुखत होतं?"

"बत्तीस मिनिटं मोजली मी. एकेक सेकंद."

पाऱ्यानं तिथं आत काय झालं असेल ते सांगितलं. जुन्या व्रणापाशी रक्त कमी फिरतं, त्यामुळे उष्णता वाहून जात नाही, साठून राहते. त्याच्या तीन तारा बेचाळीस दाखवत होत्या तेव्हा त्या मधल्या जागी पंचेचाळीसच्याही वर गेलं असणार. आणि तिथं जे भाजलं ती गाठ नव्हती, चांगली चामडी आणि तिच्याखालची चरबी होती.

"म्हणजे गाठीला काहीच जास्त मिळालं नाही?"

"मिळालं थोडं. पण त्यासाठी हे सोसायची गरज नव्हती. मशीनचं तोंड जरा सरकवलं असतं, पाणी गार केलं असतं, बाकी गाठीला तेवढंच देता आलं असतं. कुठं दुखतंय ते कळलं असतं तर."

काटाबाईंनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. तीस वर्षांत त्यांनी पारड्यांखाली चिकटवलेली चुंबकं काढली होती, पोकळ वजनं करवतीनं कापून दाखवली होती, आणि पकडलेला प्रत्येक माणूस एकच वाक्य म्हणायचा, की बाई, एवढ्याशानं कुणाचं काय बिघडलं. ते त्यांनी पाऱ्याला सांगितलं.

"काटा मारला म्हणायचं आपण," त्या म्हणाल्या. "मी मारला आणि तुम्ही सही केलीत."

"हो," पारा म्हणाला.

डॉक्टरबाईंना बोलवावंच लागलं. त्यांनी ड्रेसिंग काढून बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. फोड होता, फोडाखाली सुपारीएवढी कडक गाठ होती. भाजलेल्या चरबीची, हे त्यांनी दोनदा दाबून, सोनोग्राफी करून नक्की केलं. मग त्या काटाबाईंवर चिडल्या, आणि अर्ध्यात थांबून पाऱ्याकडे वळल्या. नाडीचं त्यानं स्वतःच सांगितलं. आपण दाराशी येऊन परत गेलो तेही सांगितलं. त्यावर त्या म्हणाल्या, की आकडा कमी आहे असं मी उभ्याउभ्या बोलले होते, ते मला आठवतंय.

उष्णता दोन आठवडे बंद झाली. किरणोपचार चालू राहिले. पाऱ्यानं तिसऱ्या आठवड्याच्या कागदावरचं 'तक्रार नाही' खोडलं नाही. त्याच्याखाली आजची तारीख घालून त्यानं फोडाचं, नाडीचं आणि आपण मशीन न थांबवल्याचं चार ओळींत लिहिलं, आणि त्या आलेखाची प्रत समितीच्या फायलीत तशीच, त्या चार ओळींसकट, लावली. त्यामुळे खोली जाईल का, हा विचार त्याच्या मनात आलाच. तो मनात घेऊनच त्यानं फाईल वर पाठवली.

हे दोन आठवडे सगळ्यांनाच जड गेले. घरात काटाबाईंनी नणंदेशी तीन दिवस अबोला धरला. नाडीची गोष्ट त्यांनी मानली नव्हतीच. न्हाणीघराचं दार लागत नाही हे त्यांना चांगलं माहीत होतं. नणंद पाऱ्याला म्हणाली, "तीन दिवस घरात शांतता होती. पहिला दिवस छान गेला." चौथ्या दिवशी मात्र तिलाच राहवलं नाही. ती वहिनीच्या खोलीत गेली आणि म्हणाली, की तू गप्प राहून मरायचं ठरवलं असशील तर निदान मला विचार तरी. मी कापड बेतताना एक सूत चुकले तर तू मला सोडत नाहीस. काटाबाईंनी त्यावर काय उत्तर दिलं ते नणंदेनं सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून ड्रेसिंग पुन्हा तिच्या हाती आलं, आणि डाळीवरून भांडणही झालं.

फोड वाळला. डॉक्टरबाईंनी चौथी नळी घालायचं ठरवलं, त्या मधल्या जागेजवळून. कुठून घालायची हे बघायला त्या सोनोग्राफी लावणार होत्या, पण त्याआधी काटाबाईंनी आरसा मागितला आणि स्वतःच्या बोटानं एक ठिपका दाखवला. इथं, म्हणाल्या, याच्या एक बोट वर नाही आणि एक बोट खाली नाही. डॉक्टरबाईंनी पेनानं खूण केली.

सहाव्या आठवड्यात दोनदा उष्णता द्यायची होती, सोमवारी आणि शुक्रवारी. सोमवारी पाऱ्यानं नणंदेला आत बसवून घेतलं. मशीनपासून लांब, पलंगाच्या पायथ्याशी. तिला एकच काम दिलं होतं, पायांच्या बोटांवर लक्ष ठेवायचं.

सुरू करताना काटाबाईंचा श्वास उथळ होता. खरं सांगायची त्यांना आता धास्ती वाटत होती. नवव्या मिनिटाला त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं.

"बोटं वळली," नणंद म्हणाली.

"वन्सं, तुम्ही गप्प बसा."

"कुठं?" पाऱ्यानं विचारलं.

"तिथंच. व्रणापाशी," काटाबाई म्हणाल्या. "आत्ता टोचलं. फार नाही."

त्यानं मशीनचं तोंड अर्धा इंच सरकवलं, पाणी एक अंशानं गार केलं, चौथ्या नळीतली तार ओढून बघितली. तिथं त्रेचाळीसला दोन दशांश कमी होतं. त्यानं आकडा मोठ्यानं सांगितला. त्यांनी डोळे मिटले आणि थोड्या वेळानं, आता बरं आहे, म्हणाल्या. त्या तासात त्यांनी अकरा वेळा सांगितलं. प्रत्येक वेळी त्यानं काहीतरी बदललं, आणि प्रत्येक वेळी त्या मान वळवून पडद्याकडे बघायचा प्रयत्न करत, आकडा पडला का ते बघायला. दोनदा तो पडला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण त्यांनी सांगितलेलं परत घेतलं नाही. सरासरी एकेचाळीसवर एक दशांश भरली. शुक्रवारी एकेचाळीसवर चार. रेघ कुठंही सरळ नव्हती.

समिती येऊन गेली. त्यांच्यातल्या एका वयस्क माणसानं त्या चार ओळी दोनदा वाचल्या आणि असं किती वेळा होतं, असं विचारलं. पारा म्हणाला, की लिहिलेलं हे पहिलंच. न लिहिलेलं मला माहीत नाही. खोली आणखी एक वर्ष ठेवायची ठरली. ते कशामुळे ठरलं ते त्याला कधीच कळलं नाही.

दोन महिन्यांनी काटाबाई नणंदेबरोबर तपासणीचा कागद घेऊन आल्या. गाठ निम्म्यावर आली होती. उरलेली निम्मी मेलेली आहे की जिवंत, हे चित्रावरून सांगता येत नाही, तीन महिन्यांनी पुन्हा बघू, तोवर नेहमीसारखं राहा, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं. काटाबाईंनी ते लिहूनही घेतलं होतं, 'सांगता येत नाही' या शब्दांसकट.

"नेहमीसारखं म्हणजे कसं, तेच आठवत नाही मला," काटाबाई पाऱ्याला म्हणाल्या. "रात्री झोप लागते. सकाळी जाग आली की आधी हात तिथं जातो. मग दिवसभर जात राहतो."

पारा कधी कुणाला फाटकापर्यंत सोडायला जात नसे. त्या दिवशी गेला. फाटकाशी बस उभी होती, निम्मी रिकामी. नणंदेला बसायचं होतं, तिचे गुडघे दुखत होते. काटाबाईंना चालायचं होतं. थोडा वेळ त्यावरून बाचाबाची झाली आणि तेवढ्यात बस निघून गेली.

"झालं," नणंद म्हणाली. "आता चल पायी. आणि जरा माझ्या बेतानं चाल."

दोघी निघाल्या. काटाबाई दहा पावलं पुढं जात, थांबत, मागं वळून बघत, आणि नणंद गाठायच्या आत पुन्हा चालायला लागत. पारा त्या वळणापर्यंत पोचेतो बघत राहिला. पुढच्या रुग्णाची वेळ होऊन पाच मिनिटं झाली होती. तो भरभर आत गेला.